जुन्या मोटारीचे क्षीण झालेले मागील ब्रेक : दोषनिदानाची तर्कपद्धती

बीजसंज्ञा : ड्रम ब्रेक, भारांतरण, हँडब्रेक, व्हील सिलिंडर, दोषनिदान

प्रस्तावना

महाराष्ट्रातील रस्त्यांवर पंधरा-वीस वर्षे वयाच्या छोट्या मोटारी आजही धावताना दिसतात. अॅम्बॅसडर आणि मारुती ८०० या दोन्हींचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. तथापि खाजगी मालकीच्या अनेक जुन्या गाड्या तालुक्याच्या ठिकाणी अद्याप वापरात आहेत. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ४१ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते व त्यानंतर तपासणीअंती ती पुढील कालावधीसाठी नूतनीकृत करता येते. अशा तपासणीच्या निमित्ताने, किंवा एखादा घाट उतरताना गाडी अपेक्षेपेक्षा उशिरा थांबल्यावर, 'मागचे ब्रेक धरत नाहीत' ही तक्रार पुढे येते.

या तक्रारीवर सामान्यतः केला जाणारा उपाय म्हणजे एकामागून एक सुटे भाग बदलत जाणे होय. आधी लायनर, मग व्हील सिलिंडर, शेवटी मास्टर सिलिंडर अशा क्रमाने खर्च वाढत जातो आणि दोष कधीकधी कायम राहतो. वस्तुतः मोटारीच्या रचनेतच या दोषाचे निदान करण्याची एक सोय उपलब्ध आहे. मागील चाकांतील त्याच ब्रेक शूंपर्यंत बल पोहोचण्याचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक पेडलपासून द्रवाद्वारे जाणारा आणि दुसरा हँडब्रेकपासून तारेद्वारे जाणारा. या दोन मार्गांची तुलना केली असता दोषाची जागा ड्रम उघडण्यापूर्वीच बऱ्याच अंशी निश्चित करता येते. प्रस्तुत लेखात या तर्कपद्धतीचे विवेचन केले आहे. उदाहरणादाखल पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असलेली मारुती ८०० च्या वर्गातील मोटार विचारात घेतली आहे.

मागील ब्रेक मुळात दुर्बल का असतात ?

दोष शोधण्यापूर्वी दोष नसलेली स्थिती कोणती हे ठरवावे लागते. मागील ब्रेक पुढील ब्रेकइतके कधीच प्रभावी नसतात आणि ते तसे नसावेत अशीच योजना असते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर कलतो. हे भारांतरण गाडीचे एकूण वजन, मंदन आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या समप्रमाणात आणि दोन आसांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते.

मारुती ८०० च्या दोन आसांमधील अंतर २.१७५ मीटर आहे. गुरुत्वमध्याची उंची ०.५ मीटर, दोन माणसांसह वजन ८०० किलोग्रॅम आणि स्थिर स्थितीत पुढे ६० टक्के व मागे ४० टक्के भार असे गृहीत धरू. कोरड्या रस्त्यावर गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट मंदन मिळाले, तर सुमारे १२९ किलो भार मागून पुढे जातो. म्हणजे पुढील आसावर ६०९ किलो आणि मागील आसावर केवळ १९१ किलो भार उरतो. मागील चाकांनी एकूण कामाच्या चौथ्या हिश्शाहून कमीच काम करावयाचे असते. त्याहून अधिक बल दिले तर ती चाके जाम होतात, त्यांची बाजूची पकड जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. याच कारणास्तव अनेक मोटारींत मागील ब्रेककडे जाणाऱ्या नळीत दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा भारतात सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाली. त्यापूर्वीच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत हा साधा व्हॉल्व्ह हाच एकमेव पहारेकरी आहे.

यावरून मागील ब्रेक गौण आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. वरील गृहीतकांनुसारच गणित केल्यास, चारही चाकांचे ब्रेक योग्य प्रमाणात काम करीत असताना ताशी ६० किलोमीटर वेगावरून गाडी सुमारे २० मीटरमध्ये थांबू शकते. मागील ब्रेक पूर्णतः निकामी असतील, तर पुढील चाकांची पकड संपेपर्यंत पेडल दाबूनही हे अंतर सुमारे २८ मीटर होते. चार माणसे व सामान भरून वजन ९५० किलो झाले आणि स्थिर स्थितीतील मागील भार ४८ टक्क्यांवर गेला, तर ब्रेक लावतानाही मागील आसावर सुमारे ३०३ किलो भार राहतो, आणि मागील ब्रेकविना थांबण्याचे अंतर जवळजवळ ३३ मीटर होते. चालकाचा प्रतिसादकाळ यात धरलेला नाही. शहरात एकट्याने हळू चालवताना जो दोष जाणवतही नाही, तो सहकुटुंब आंबोलीचा घाट उतरताना प्रकट होतो, त्याचे कारण या आकड्यांत आहे.

मागील ब्रेकचा दोष लपून राहतो तोही यामुळेच. पुढचे ब्रेक पॅड दोनतीनदा बदलले आणि मागील लायनर मात्र नव्यासारखेच आहेत, याचे गाडीमालकांना समाधान वाटते. मागील लायनर सावकाश झिजणे स्वाभाविक आहे. परंतु ते मुळीच झिजत नसतील तर ते ड्रमला टेकतच नसावेत, ही शक्यता आधी तपासली पाहिजे.

दोन मार्गांची तुलना

ड्रमच्या आत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. पेडल दाबल्यावर द्रवाचा दाब व्हील सिलिंडरमधील पिस्टन बाहेर ढकलतो आणि शू फाकून ड्रमला घासतात. हँडब्रेक ओढल्यावर तार एक लहान तरफ ओढते आणि तेच शू त्याच ड्रमवर दाबले जातात. शू, लायनर, ड्रम आणि त्यांमधील फट या गोष्टी दोन्ही मार्गांना समान आहेत. मास्टर सिलिंडर, नळ्या, रबरी होज, दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह आणि व्हील सिलिंडर हे फक्त पेडलच्या मार्गावर आहेत. तार, तिचे आवरण आणि तरफ फक्त हँडब्रेकच्या मार्गावर आहेत.

येथून पुढचा तर्क सरळ आहे. हँडब्रेक उत्तम धरतो आणि पेडलने मात्र मागील चाके पुरेशी अडत नाहीत, अशी स्थिती असल्यास लायनर व ड्रम निर्दोष असण्याची शक्यता मोठी असते. दोष द्रवाच्या मार्गात शोधावा. पेडल व हँडब्रेक दोन्ही क्षीण असतील तर दोष समान भागात, म्हणजे फट, लायनर किंवा ड्रम यांत असतो. पेडलने चाके नीट अडतात पण हँडब्रेक धरत नाही, तेव्हा तार गंजून आवरणात अडकलेली किंवा ताणली गेलेली असते.

प्रत्यक्ष चाचणी दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार मोकळ्या, सपाट व कोरड्या जागेत ताशी १० ते १५ किलोमीटरहून अधिक नसलेल्या वेगाने, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो सावकाश ओढण्याचा. अधिक वेगात हा प्रयोग करू नये. दुसरा प्रकार अधिक विश्वसनीय आहे. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, मागील चाके जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवावीत आणि दुसऱ्या व्यक्तीला पेडल अगदी हलके दाबण्यास सांगून प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. पेडल हलकेच दाबणे येथे महत्त्वाचे आहे. जोराने दाबल्यास अर्धमेला ब्रेकही हाताने फिरवलेले चाक रोखतो आणि चाचणी निरर्थक होते. तपासणी केंद्रातील रोलर यंत्रावर प्रत्येक चाकाचे ब्रेकबल आकड्यांत मिळते. ही सोय असेल तर तीच उत्तम.

या तुलनेला काही अपवाद आहेत. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांत नसून गिअरबॉक्समागील शाफ्टवर असतो. तेथे दोन्ही मार्ग एका शूपाशी मिळतच नाहीत, त्यामुळे ही पद्धत लागू पडत नाही. मागेही डिस्क असलेल्या काही मोटारींत हँडब्रेकसाठी वेगळे छोटे शू असतात. तेथेही हीच मर्यादा येते.

समान भागातील दोष

या गटात सर्वाधिक आढळणारा आणि सर्वात कमी ओळखला जाणारा दोष म्हणजे शू व ड्रम यांमधील वाढलेली फट. लायनर झिजतात तशी फट वाढते आणि ती भरून काढण्यासाठी ड्रममध्ये स्वयंचलित अॅडजस्टर असतो. धूळ, गंज व उष्णता यांमुळे तो वर्षानुवर्षे हलत नाही. मग पेडलचा बराचसा प्रवास शू ड्रमपर्यंत नेण्यातच खर्ची पडतो. पेडल खाली जाते, दोनदा झटपट दाबल्यावर वर येते, आणि हँडब्रेकचे खटके वाढतात. पेडल दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येणे ही फट वाढल्याची मोठी खूण आहे.

या ठिकाणी गॅरेजमध्ये सर्रास होणारी एक कृती विशेष हानिकारक आहे. हँडब्रेकचे खटके वाढले की तारेचा नट आवळून ते कमी केले जातात. पाच मिनिटांचे काम, आणि गाडीमालकही संतुष्ट. परंतु तार आवळल्याने ड्रममधील तरफ विश्रांतीच्या स्थितीतही थोडी ओढलेली राहते, शू आपल्या मूळ टेकूवर परत येत नाहीत आणि अनेक रचनांत स्वयंचलित अॅडजस्टरची हालचालच बंद पडते. हँडब्रेक सुधारल्यासारखा दिसतो आणि पेडलचा ब्रेक मात्र आणखी बिघडत जातो. योग्य क्रम याच्या उलट आहे. आधी तार पूर्ण सैल करावी, मग शूची फट ड्रमच्या बाजूने बसवावी, पेडल अनेकदा दाबून शू मध्यावर येऊ द्यावेत आणि सर्वांत शेवटी तार आवळावी. चार ते आठ खटक्यांच्या दरम्यान हँडब्रेक धरू लागणे सर्वसाधारणपणे समाधानकारक मानले जाते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.

अॅडजस्टर स्क्रूच्या प्रकारचा असल्यास डाव्या व उजव्या चाकांचे आटे परस्परविरुद्ध असू शकतात. दुरुस्तीच्या वेळी दोन्ही ड्रम एकदमच उघडून भाग एकत्र ठेवले, तर त्यांची अदलाबदल होते आणि फट भरून काढण्याऐवजी अॅडजस्टर ती वाढवीत राहतो. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू नमुन्यादाखल शाबूत राहते.

दुसरा दोष लायनरवरील तेलाचा. व्हील सिलिंडर गळत असेल तर ब्रेक ऑइल, आणि अॅम्बॅसडर किंवा पद्मिनीसारख्या मागील चाकांना गती देणाऱ्या गाड्यांत आसाचे ऑइल सील फाटले असेल तर गिअर ऑइल ड्रममध्ये येते. तेल लागलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा बसवण्याची जुनी पद्धत त्याज्य आहे. लायनरमध्ये मुरलेले तेल गरम झाल्यावर पुन्हा पृष्ठभागावर येते. गळती बंद करून एका आसावरचे चारही लायनर बदलणे हाच उपाय आहे. एकाच बाजूचे बदलल्यास गाडी ब्रेक लावताना एका बाजूस ओढते.

लायनर अतितप्त होऊन काचेसारखे गुळगुळीत होतात, तेव्हा ते जाड दिसूनही धरत नाहीत. ड्रमचा व्यास झिजून वाढलेला असेल तर नव्या लायनरची वक्रता त्याच्याशी जुळत नाही. लायनर फक्त मध्यभागी टेकतो आणि नवे भाग घालूनही ब्रेक क्षीणच राहतो. ड्रम लेथवर फिरवून घेता येतो, पण त्याला मर्यादा आहे. कमाल व्यास बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो आणि तो मूळ व्यासापेक्षा साधारणतः १ ते २ मिलिमीटरच अधिक असतो. त्यापलीकडे ड्रम पातळ होऊन लवकर तापतो. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, आणि घाट अर्ध्यावर आला असताना पेडल खोल जाऊ लागते. डिस्क ब्रेकमध्ये तापलेली डिस्क पॅडकडेच सरकते, म्हणून तेथे हा विशिष्ट त्रास संभवत नाही.

द्रवाच्या मार्गातील दोष

बोलीत ब्रेक ऑइल म्हटले जात असले तरी हा द्रव खनिज तेल नव्हे. सामान्य मोटारींत तो ग्लायकॉलवर्गीय असतो आणि हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ३ दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. कोकणातील चार महिन्यांच्या दमट हवेत वर्षानुवर्षे न बदललेल्या द्रवाची अवस्था काय होत असेल हे सांगणे नलगे. उत्कलनाखेरीज पाण्याचा दुसरा परिणाम म्हणजे गंज. नळ्यांच्या सर्वांत सखल भागी असलेल्या व्हील सिलिंडरमध्ये तो आधी धरतो आणि पिस्टन जागीच अडकतो. दोन पिस्टनांपैकी एक अडकल्यास एक शू झिजतो व दुसरा कोरा राहतो. पुढच्या बाजूचा शू मागच्यापेक्षा काहीसा अधिक झिजणे मात्र दोष नव्हे. ड्रमच्या फिरण्यानेच तो अधिक दाबला जातो.

रबरी होज बाहेरून निर्दोष दिसतो आणि आतून सुजून बंद होतो. अशा होजमधून पेडलच्या मोठ्या दाबाने द्रव हळूहळू पुढे जातो, पण परत येताना अडतो. ब्रेक उशिरा लागतो आणि उशिरा सुटतो. चाकाजवळचा ब्लीडर किंचित उघडताच अडकलेले चाक मोकळे झाले, तर अडथळा होजमध्ये किंवा त्याआधी आहे हे सिद्ध होते.

पेडल स्पंजासारखे लागत असेल तर नळ्यांत हवा आहे. पाय स्थिर ठेवूनही पेडल सावकाश खाली जात असेल आणि बाहेर कोठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे आतील रबर द्रव अडवीत नाही. हवा काढताना जुन्या मास्टर सिलिंडरचे पेडल तळापर्यंत दाबू नये, कारण रोजच्या वापरात न येणाऱ्या भागातील गंज रबर कापतो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवणे पुरेसे असते. मागील दोन्ही चाके एकाच सर्किटवर आहेत, की प्रत्येक सर्किट एक पुढचे व तिरपे समोरील एक मागचे चाक सांभाळते, हेही पाहावे. पहिल्या रचनेत दोन्ही मागील ब्रेक एकदम क्षीण होणे सर्किटातील दोष सुचवते. दुसऱ्या रचनेत सर्किट बिघडले तर पुढचेही एक चाक लंगडे होते.

राहिला दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह. काही व्हॅन व जीपवर्गीय वाहनांत तो तरफेने मागील आसाशी जोडलेला असतो. भार वाढून गाडी खाली बसली की तो मागे अधिक दाब सोडतो. जादा माल वाहता यावा म्हणून अशा गाडीला एखादा पाटा वाढवला, तर गाडी भरलेली असूनही उंच राहते, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि नेमका हवा तेव्हा मागील ब्रेक मिळत नाही. व्हील सिलिंडर बदलून हा दोष जाणार नाही. तरफेची जुळणी करावी लागते किंवा पाटा काढावा लागतो. अशा वाहनाची चाचणी घेताना स्टँड चासीखाली न ठेवता आसाखाली ठेवावा. अन्यथा आस लोंबकळतो आणि व्हॉल्व्ह पुन्हा रिकाम्या गाडीचीच स्थिती धरतो. मागील ब्रेक वाढावा म्हणून हा व्हॉल्व्हच काढून टाकण्याचा सल्ला क्वचित दिला जातो. पहिल्या विभागातील १९१ किलोचा आकडा आठवल्यास, ओल्या रस्त्यावर त्याचे पर्यवसान कशात होईल हे वाचकांच्या लक्षात येईल.

दुरुस्तीसंबंधी काही व्यावहारिक बाबी

ड्रम उघडल्यावर आतील काळी भुकटी फुंकरीने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसांना अपायकारक आहेत. भुकटी ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. ही धूळ रोज अंगावर घेणारा गॅरेजमधील मुलगा याबाबत बहुधा अनभिज्ञ असतो. रबरी भाग स्वच्छ करण्यास पेट्रोल किंवा डिझेल वापरू नये. त्याने रबर फुगते. ताजे ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठीचा क्लीनरच वापरावा.

नवे लायनर ड्रमशी जुळण्यास काही अंतर जावे लागते. सुरुवातीचे २०० ते ३०० किलोमीटर मध्यम वेगाने, मधूनमधून बेताने ब्रेक लावीत गाडी चालवावी. या काळात भरलेल्या गाडीने घाट उतरू नये. त्यानंतर फट पुन्हा तपासून हँडब्रेकचे खटके मोजावेत व ती संख्या दुरुस्तीच्या पावतीवर लिहून ठेवावी. पुढील तपासणीत खटके वाढलेले आढळल्यास तारेच्या नटाला हात लावण्यापूर्वी ड्रम उघडून अॅडजस्टर पाहावा.